खंडेरावांची 'सांजभेट'

दिवेलागणीच्या सुमारास बंगळूरच्या शिवाजीनगर बाजारातून जाणाऱ्याला मोहिते स्टुडिओच्या पायरीवर एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ उभे दिसत. डोक्याला काळी टोपी, अंगात बंद गळ्याचा कोट आणि डावा तळहात डोळ्यांसमोर धरलेला. नवख्याला वाटे, हे स्वतःचं भविष्य बघताहेत. शेजारचा अत्तरवाला आपल्या गिऱ्हाइकांना तसं गंभीरपणे सांगतही असे. खंडेराव बघत असत ते हातावरच्या रेषा कधी दिसेनाशा होतात ते. "रेषा दिसतात तोवर उजेड सगळ्यांचा," ते म्हणत. "रेषा गेल्या की माझा."

त्यांचं घराणं बंगळूरात कुठल्याशा मराठी फौजेबरोबर आलं आणि इथंच राहिलं. किती पिढ्या झाल्या हे त्यांनाही सांगता येत नसे. घरात मराठी बोलत. पण ती मराठी आमच्या बेळगावच्या मराठीहून निराळी, 'ठीक'ला 'सरी' आणि 'थोडं'ला 'स्वल्प' अशा कानडी शब्दांनी भरलेली आणि ऐकायला गोड. मी लग्न होऊन या शहरात आले. यजमानांचा पगार दोन घरांना पुरवायचा होता, म्हणून मी काम शोधू लागले. चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या, तेवढ्या भांडवलावर मी मोहिते स्टुडिओची पायरी चढले. साल अठ्ठावन्न असावं. खंडेरावांनी मला एक निगेटिव्ह आणि एक टोकदार पेन्सिल दिली. एका मुलीच्या गालावर देवीचे व्रण होते, ते बुजवायचे होते. मी तासभर बसून तिचा गाल आरशासारखा गुळगुळीत केला. त्यांनी काच उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाले, "चांगलं आहे, अक्का. पण ही कोण? व्रण काढा, सरी. माणूस काढू नका."

मी त्यांच्या मुलीच्या वयाची. तरी पहिल्या दिवसापासून ते मला 'अक्का' म्हणत आणि 'अहो-जाहो' करत. मी त्यांना अण्णा म्हणू लागले. स्टुडिओच्या मागेच त्यांचं घर होतं. त्यांच्या पत्नी तारक्का दुपारी मला जेवायला आत बोलवत आणि नवऱ्याविषयीच्या तक्रारी मला ऐकू येतील, पण त्यांनाही ऐकू जातील, अशा बेताच्या आवाजात सांगत. सर्वांत मोठी तक्रार समुद्राची होती.

खंडेरावांना समुद्राचं वेड होतं. तरुणपणी एका नातलगाच्या लग्नाला ते कारवारकडे गेले आणि तिथं संध्याकाळी वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या त्यांनी पाहिल्या. तेव्हापासून दरवर्षी दसरा सरला आणि लग्नाचे दिवस अजून लांब असले की ते स्टुडिओ आमच्यावर सोपवून निघत. हुबळीपर्यंत रेल्वे, पुढे घाट उतरणारी मोटार, आणि मग एक लहानसं कोळ्यांचं गाव. लोक त्यांना तिथं फोटोमास्तर म्हणत. दिवसभर ते काहीच काढत नसत. सूर्य बुडाला, किनाऱ्यावरची गर्दी पांगली, की तिपाई रोवून होड्यांसमोर उभे राहत. पाण्यावरची होडी हलते, फोटोत तिचा नुसता धूर होतो. वाळूवरची होडी मात्र कॅमेरा कितीही वेळ उघडा ठेवला तरी देवासारखी स्थिर राहते, असं ते मला सांगत. परत आले की डार्करूममधून ओले कागद घेऊन बाहेर येत आणि तारक्का म्हणत, "एवढं लांब जातात समुद्राला, आणि घरी घेऊन काय येतात? काळे कागद."

ते कागद काळे होते खरे, पण त्या काळ्यात बघत राहावं असं पुष्कळ होतं. होडीची नाळ, म्हणजे पुढचं उचललेलं टोक, तोल राखायला कडेला बांधलेल्या उलांडीचं वाकडं लाकूड, वाळत घातलेली जाळी, आणि मागे जेमतेम उरलेलं आभाळ. मधूनच कुणी माणूस. चेहरा नाही, नुसती आकृती. मी एकदा त्यांना विचारलं की, ही माणसं कोण, तुम्ही त्यांना विचारून काढता का? ते हसले. म्हणाले, "चेहरा दिसला तर विचारायचं, अक्का. चेहरा नसला तर तो माणूस कुणीही असतो. तुम्ही असाल, मी असेन." हे त्यांना इतकं पटलेलं होतं की ऐकणाऱ्यालाही पटे. मलाही पटलं.

मी लागल्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी त्यांनी आणलेल्या फोटोंत एक फार वेगळा होता. मध्यभागी होडीची नाळ, तिच्या पोटाशी एक बाई आणि एक पुरुष, दोघं समोरासमोर, डोकी जवळ आलेली, मागे विझत चाललेलं पाणी. बघताक्षणी छातीत काहीतरी हलावं असा तो फोटो होता. शहरातल्या छायाचित्रकारांच्या एका मंडळाचं प्रदर्शन होतं, तिथं तो द्यायचं ठरलं. मंडळाला चित्राचं नाव हवं होतं. खंडेराव आपल्या फोटोंना कधी नावं देत नसत. त्या दिवशी ते पायरीवर बराच वेळ उभे राहिले आणि आत येऊन म्हणाले, "लिहा, अक्का. सांजभेट." माझं अक्षर वळणदार, म्हणून पुठ्ठ्यावर ते मीच लिहिलं.

फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. मराठी मंडळींनी शाल दिली, कानडी वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. मंगळूरकडच्या एका कौलांच्या कारखान्याचा माणूस प्रदर्शनात आला होता. त्यानं तो फोटो पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरसाठी मागितला. खंडेरावांना फार आनंद झाला. कॅलेंडर छापून आलं तेव्हा आभाळात नारिंगी रंग भरलेला होता आणि खाली कानडीत आणि मराठीत ठळक अक्षरांत नाव होतं. तारक्कांनी ते स्वयंपाकघरात लावलं. स्टुडिओच्या दर्शनी काचेत नवरानवरींच्या आणि पदवीधरांच्या गर्दीत मधोमध मोठी 'सांजभेट' बसली. येणारेजाणारे थांबून बघत. खंडेराव आतून त्यांच्याकडे बघत.

त्या वर्षी दसऱ्यानंतर ते नेहमीप्रमाणे निघाले. होडीच्या मालकाला भेट म्हणून फोटोची एक मोठी प्रत चौकट करून बरोबर घेतली होती. दोन आठवडे राहणारा माणूस चारपाच दिवसांत परत आला. चौकट तशीच गुंडाळलेली होती. निगेटिव्हची काच एकही वापरली नव्हती. त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली, काचेतला फोटो काढून भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि आत गेले. पुढचे कितीतरी दिवस गिऱ्हाइकांचे फोटो काढण्यापुरतेच ते बाहेर येत. लोकांना "मान उजवीकडे" म्हणतानासुद्धा त्यांची नजर खाली असे.

मला त्यांनी सांगितलं ते एका दुपारी. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. ट्रेमधल्या पाण्यात फोटो उलटसुलट करत होते.

गावात शिरताच चहाच्या हॉटेलात त्यांना आपलं कॅलेंडर दिसलं. ते कौतुकानं पुढे झाले, तर चहावाल्यानं तोंड फिरवलं. मुलं नेहमी मागे धावत, तीही आली नाहीत. शेवटी त्या होडीचा म्हातारा तांडेल, म्हणजे तिच्यावरच्या खलाशांचा म्होरक्या, त्यांना किनाऱ्यावर घेऊन गेला आणि तिथं त्यानं सगळं सांगितलं. फोटोतली बाई विधवा होती. तिचा नवरा त्याच होडीवर होता आणि आदल्या वर्षीच्या वादळात गेला होता. गेलेल्याचा मासळीतला वाटा त्याच्या घरी पोचवायचा, ही त्या होडीची रीत. नवऱ्याचा एक सोबती रोज संध्याकाळी तिला मासळीची टोपली भरून देई आणि तिच्या डोक्यावर चढवून देई. दुसरं काहीही तिथं नव्हतं. पण कॅलेंडर आलं आणि शाळेत जाणाऱ्या पोरांनी खालचं नाव मोठ्यानं वाचलं. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. वाटा बंद झाला. तो सोबती लोकांच्या बोलण्याला कंटाळून गोव्याकडे निघून गेला.

खंडेरावांनी तांडेलला म्हटलं की, चेहरे तर दिसत नव्हते, कुणालाही कसं कळलं? तेव्हा म्हातारा म्हणाला, "काळोख तुमचा, मास्तर. आमकां आमची माणसं दिसतात."

होडीच्या नाळेवरचं ठिगळ सगळ्या गावाला पाठ होतं. तो सोबती एका खांद्यानं वाकून उभा राही, हेही. ती बाई पदर कसा खोचते, हे तर तिच्या सासूनं लांबूनच ओळखलं.

मी खंडेरावांचं समाधान करायला गेले. तुम्ही जाणूनबुजून काही केलं नाहीत, तुम्हाला काय ठाऊक, असं काहीतरी बोलले. त्यांनी हातातला फोटो पाण्यात सोडला, ओले हात कोटाला पुसले आणि कपाटातून ती निगेटिव्ह काढून माझ्या हातात दिली. ती मी पूर्वी पाहिली नव्हती; तो फोटो त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्यानं केला होता. मी काच दिव्यासमोर धरली. दोन्ही आकृतींच्या मधे, होडीच्या पोटाला लागून, एक अस्पष्ट गोल कड होती. चार हातांनी धरलेली.

"टोपली होती, अक्का," ते म्हणाले. "मीच घालवली."

छापताना ती कड त्यांच्या डोळ्यांना खुपली होती. ती असली की दोन कामकरी माणसं ओझं उचलताना दिसत. नसली की दोन माणसं नुसती भेटत. एन्लार्जरखाली तेवढ्या जागेला जास्त उजेड दिला की कागदावर ती जागा काळीभोर होते. हे त्यांनी दोनतीन कागद वाया घालवून, मनासारखं होईपर्यंत केलं होतं. मग वर नाव दिलं होतं. मला त्या क्षणी त्यांच्यासमोर उभं राहणं अवघड झालं. आपल्या वडीलधाऱ्या माणसाची मान खाली गेलेली बघणं फार वाईट असतं. शिवाय ते नाव ज्या पुठ्ठ्यावर होतं त्यावरचं अक्षर माझं होतं.

त्यांनी कारखान्याला कळवलं. कॅलेंडरं घरोघर गेलेली होती, वर्षही संपत आलं होतं. मंडळाला बक्षिसाची ढाल परत पाठवली. काहीतरी गैरसमज झाला असेल असं समजून मंडळानं ती पुन्हा पाठवून दिली. पुढे काय करायचं हे त्यांना सुचेना. ते तारक्कांनी ठरवलं. एका सकाळी त्या लुगडं नेसून, डबा बांधून तयार झाल्या आणि म्हणाल्या, "चला. त्या पोरीला शोधायचं. बाईशी बोलायला तुम्ही एकटे जाऊन उपयोग नाही." जन्मभर समुद्राला नावं ठेवणारी ती बाई त्या दिवशी पहिल्यांदा समुद्राकडे निघाली.

तिकडे काय झालं ते मला नंतर तारक्कांनी सांगितलं. ती बाई दोन खाड्या ओलांडून एका मासळी सुकवण्याच्या वाडीत मजुरी करत होती. जवळ तिची लहान मुलगी होती. भर दुपारची वेळ होती आणि ती चटयांवर बांगडे उलटत होती. खंडेराव तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. टोपी हातात घेऊन नुसते उभे. तारक्कांनीच आपण कोण, कशाला आलो, ते सांगितलं. ती ऐकत होती, पण हातातलं काम तिनं थांबवलं नाही. सगळं सांगून झालं तेव्हा खंडेराव कसेबसे म्हणाले की, माझी चूक झाली, मला क्षमा कर.

तेव्हा तिनं पहिल्यांदा मान वर केली. "मला कशाला सांगता?" ती म्हणाली. "मी काय करत होते ते मला ठाऊक आहे. तिकडे जाऊन सांगा."

एवढंच बोलून ती पुन्हा कामाला लागली. तारक्कांनी डब्यातल्या पोळ्या मुलीला दिल्या, त्या तिनं घेऊ दिल्या. खंडेरावांनी चाचरत विचारलं की, मुलीचा एक फोटो काढून देऊ का? तिनं मान हलवली. नको. ते दोघं परत फिरले.

परत फिरल्यावर खंडेराव आधी बंगळूरला आले. डार्करूममध्ये गेले आणि त्याच निगेटिव्हची एक मोठी प्रत काढली, कुठंही काही काळ्यात न बुडवता. फोटो फिका, राखेच्या रंगाचा झाला. आभाळातली जादू गेली, होडी साधी होडी झाली. पण टोपली दिसत होती, तिच्यातल्या माशांची एकदोन शेपटंही दिसत होती. त्यांनी तो माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "कसा आहे?" मी म्हटलं, "अण्णा, हा कुणी बघायला थांबणार नाही." ते म्हणाले, "सरी. मग बरोबर आहे."

तो फोटो घेऊन ते दोघं पुन्हा गेले. तांडेलनं किनाऱ्यावरच्या देवळापुढे माणसं जमवली. तारक्का सांगत की, त्या दिवशी बोलून होईपर्यंत खंडेरावांनी देवळाचा खांब धरून ठेवला होता. आयुष्यभर कॅमेऱ्यामागे उभा राहिलेला माणूस, समोर एवढे चेहरे, आणि सगळे त्याच्याकडे बघणारे. त्यांना तिथली बोली येत नव्हती आणि त्यांची मराठी तिथल्या लोकांना पुरती कळत नव्हती, म्हणून त्यांनी अगदी थोडे शब्द वापरले. त्यांनी सांगितलं की, मी लांब उभा होतो. मला टोपली दिसली होती. ती मी मुद्दाम काळी केली, कारण फोटो सुंदर व्हावा. "नाव मी दिलं," ते म्हणाले. "ते खोटं आहे. ही बाई खोटी नाही." मग त्यांनी तो फिका फोटो हातोहात फिरवला. म्हाताऱ्या बायांनी बोट लावून टोपलीची कड चाचपली.

सगळं सुरळीत झालं, असं मला सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. होडीनं तिचा वाटा पुन्हा सुरू केला, तांडेलची बायको तो स्वतः पोचवू लागली, हे खरं. पण सासू देवळापुढे आली नव्हती आणि नंतरही तिनं सुनेचं नाव काढलं नाही. ती बाई त्या घरी परतली नाही. लोकांनी ऐकलं, मान डोलावली. त्यांतल्या काहींनी नंतरही हॉटेलात हसून एकमेकांना खुणावलं असेल. गोव्याकडे गेलेल्या सोबत्याचा पत्ता खंडेरावांनी दोनतीन वर्षं काढायचा प्रयत्न केला. तो सापडला नाही. तारक्का म्हणत, बाईपाशी तरी जाऊन उभं राहता आलं. त्या माणसाचं मात्र खंडेरावांच्या मनातून शेवटपर्यंत गेलं नाही.

समुद्राला ते पुढेही जात राहिले, दोघं मिळून. कॅमेरा मात्र सकाळी बाहेर काढत. कुणी आपणहून येऊन म्हणालं, तर त्याला उन्हात उभं करून, नाव विचारून, समोरून फोटो काढत आणि पुढच्या खेपेला प्रत नेऊन देत. ते फोटो अगदी साधे असत, डोळे किलकिले केलेली, ताठ उभी माणसं. एका जाणकार मित्रानं ते पाहून मला बाजूला घेऊन विचारलं की, खंडेरावांचा हात गेला का? मी त्याला काही सांगितलं नाही. खंडेरावांना मात्र कुणी 'सांजभेट'चं कौतुक केलं की ते सगळी हकिगत सांगून टाकत, समोरच्याला अवघडल्यासारखं झालं तरी. एकदा मंडळाच्या समारंभात, अध्यक्षांनी त्या फोटोचा गौरव केल्यावर, ते उठून उभे राहिले आणि भर सभेत सांगू लागले. लोक चुळबुळ करू लागले, कुणीतरी त्यांचा कोट ओढला. घरी येताना मी म्हटलं, "अण्णा, आता किती वेळा सांगणार?" ते म्हणाले, "जितक्यांनी बघितला तितक्यांना. स्वल्प लोक राहिलेत अजून."

सडुसष्ट साली, थंडीच्या दिवसांत ते गेले. छातीचा आजार होता. शेवटचे काही महिने स्टुडिओ बंदच होता. तेरावा झाल्यावर मंडळाचे चिटणीस भेटायला आले. सज्जन माणूस. ते म्हणाले, आम्ही खंडेरावांच्या स्मरणार्थ एक लहान पुस्तक काढतो आहोत, त्यांचे निवडक फोटो, आणि मुखपृष्ठावर अर्थात 'सांजभेट'. निगेटिव्ह मिळाली तर बरं होईल. तारक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मला कपाट उघडायला सांगितलं आणि सकाळच्या उन्हात काढलेल्या माणसांच्या फोटोंचे गठ्ठे त्यांच्यासमोर ठेवायला लावले. चिटणीसांनी ते चाळले. चाळताना त्यांचा चेहरा उतरत गेला. ते अडखळत म्हणाले, "हे चांगलेच आहेत. पण वहिनी, यानं खंडेरावांचं नाव राहणार नाही. ते त्या एका फोटोनंच राहील."

तारक्कांनी गठ्ठा पुन्हा सुतळीनं बांधला. गाठ नीट बसली का ते ओढून पाहिलं.

"मग नाही राहिलं तरी चालेल," त्या म्हणाल्या. "मी त्यांना विचारून ठेवलंय."